सल्लागार समित्यांवर समाजाचा माणूस: नेमलेला की निवडलेला?

कोराकागद:

एका जिल्हास्तरीय समितीवर मी तीन वर्षे अशासकीय सदस्य होतो. समितीचे व जिल्ह्याचे नाव देत नाही, कारण तक्रार एका कार्यालयाविषयी नाही. तीन वर्षांत चार बैठका झाल्या. प्रत्येक वेळी विषयपत्रिका मेजावर, पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवलेली मिळाली. म्हणजे ज्या चाळीस पानांवर मत द्यायचे ती पाने मी आणि शेजारच्या भगिनी, अध्यक्ष येईपर्यंतच्या वीस मिनिटांत चाळत असू. दुसऱ्या बैठकीत मी आमच्या वस्तीतील अडकलेल्या शिष्यवृत्ती अर्जांचा विषय मांडला. त्यावर दहा-बारा मिनिटे बोलणे झाले. पाच महिन्यांनी इतिवृत्त आले, त्यात त्या विषयापुढे एवढेच वाक्य होते: "सदस्यांनी केलेल्या सूचनांची नोंद घेण्यात आली." कोणती सूचना, कोणी केली, कोणत्या शाखेने काय करायचे, यांतले काहीच नाही.

राज्य शासनाच्या समित्या, परिषदा आणि मंडळे यांवर वंचित समाजांना अधिक जागा मिळाव्यात ही मागणी सगळेच करतात, मीही करतो. परंतु माझी स्वतःची नेमणूक कशी झाली, हे मला आजही नीट ठाऊक नाही. एका कार्यकर्त्याने आधारकार्डाची प्रत आणि दोन छायाचित्रे मागितली आणि दोन महिन्यांनी शासन निर्णयाच्या परिशिष्टात माझे नाव आले. ज्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून ते छापले गेले, त्या समाजाला ते वर्तमानपत्रातून कळले. मला परत बोलावण्याचा अधिकार त्यांना नव्हता आणि, खरे सांगायचे तर, त्यांना जाब देण्याची सक्ती मलाही नव्हती. तेव्हा जागा वाढवताना त्या जागेवर बसणाऱ्याला कोणी निवडावे, हेही सोबतच ठरवायला नको का?

जुनीटिपणी:

मंत्रालयात कक्ष अधिकारी असताना अशा बऱ्याच नस्त्या (फायली) माझ्या हातून गेल्या, म्हणून पडद्यामागचे थोडे सांगतो.

समित्या मुळात दोन प्रकारच्या असतात. काही कायद्याने जन्माला येतात. त्यांची सदस्यसंख्या, प्रवर्ग आणि मुदत कायद्यातच लिहिलेली असते आणि ती मोडायची तर न्यायालयात उत्तर द्यावे लागते. बाकीच्या निव्वळ शासन निर्णयाने येतात आणि शासन निर्णयानेच जातात. दुसऱ्या प्रकारात विभाग प्रस्ताव करतो, मंत्री मान्यता देतात, आणि जिल्ह्याची समिती असेल तर नावे बहुधा पालकमंत्र्यांच्या कार्यालयाकडून येतात. नस्तीत "प्रवर्ग" हा रकाना नीट भरलेला असतो. नाव कोठून आले हे मात्र एखाद्या चिठ्ठीवर असते, आणि ती चिठ्ठी नस्तीला लागत नाही. सरकार बदलले की अशासकीय सदस्यांच्या नेमणुका सरसकट रद्द झाल्याचे आपण महाराष्ट्रात पुष्कळदा पाहिले आहे. आपल्या माणसांची अशी सोय लावण्याला लोक राजकीय पुनर्वसन म्हणतात, आणि तो शब्द फारसा चुकीचा नाही.

इतिवृत्ताबाबत मात्र आमच्या लिपिकांची बाजू मांडतो. इतिवृत्तात एखादे वाक्य नेमके लिहिले की पुढच्या बैठकीत त्याचा अनुपालन अहवाल, म्हणजे त्यावर काय कार्यवाही झाली याचा अहवाल, द्यावा लागतो. "अमुक शाखेने तमुक तारखेपर्यंत अर्ज निकाली काढावेत" असे लिहिणारा लिपिक त्या शाखेच्या डोळ्यांत खुपतो. "नोंद घेण्यात आली" या तीन शब्दांत सगळ्यांची सोय असते. पद्धत चुकीची आहे, हे कबूल. पण ती आळसातून आलेली नाही, भीतीतून आली आहे, आणि दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

डोंगरपायथा:

कायद्याने आलेल्या समितीत सगळे सुरळीत असते, असे वरील प्रतिसादावरून वाटू शकेल, म्हणून जनजाती सल्लागार परिषदेकडे पाहू. ही परिषद साध्या कायद्याने नव्हे, तर थेट राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील चौथ्या परिच्छेदाने आलेली आहे. सदस्य जास्तीत जास्त २०, आणि त्यांतील शक्यतो तीन चतुर्थांश हे विधानसभेतील अनुसूचित जमातींचे आमदार. म्हणजे १५ जागा आमदारांच्या, आणि उरल्या पाच.

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी अनुसूचित जमातींसाठी २५ राखीव आहेत, त्यामुळे १५ आमदार मिळायला अडचण नाही. अडचण पुढची आहे. राज्यात अनुसूचित जमाती ४५ आणि २०११च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या एक कोटीहून अधिक. त्यांत भिल्ल, गोंड, महादेव कोळी, वारली, कोकणा या संख्येने मोठ्या जमाती आहेत आणि त्यांची वस्ती सलग पट्ट्यांत असल्याने त्यांच्यातून आमदार निवडून येणे शक्य होते. याउलट कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या राज्यातील तीन विशेष असुरक्षित जमाती. कातकरी तर रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांत लहानलहान वाड्यांत विखुरलेले, वर्षातील सहा-सात महिने वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर. त्यांच्या मतांवर एखादा मतदारसंघ हलेल, हे अवघड. "आदिवासींचे प्रतिनिधित्व आहे" हे वाक्य या सल्लागार परिषदेच्या बाबतीत खरे असते, आणि तरीही कातकऱ्याच्या घराखालची जमीन त्याच्या नावावर का नाही, हा प्रश्न तेथे पोहोचेलच असे नाही.

त्यातही ही परिषद राज्यपालांनी विचारार्थ पाठवलेल्या बाबींवर सल्ला देते. सदस्याने आपणहून विषय आणायचा तर त्याला नियमांत वाट शोधावी लागते. माझे मत असे की त्या पाच बिगरआमदार जागा लहान जमातींसाठी आळीपाळीने राखून ठेवाव्यात. सदस्यसंख्या आणि नेमणुकीची रीत यांविषयी नियम करण्याचा अधिकार त्याच परिच्छेदाने राज्यपालांना दिलेला आहे, त्यामुळे घटनादुरुस्तीची गरज पडू नये.

मोजपट्टी:

विरोधी सूर लावतो, कृपया शत्रू समजू नये.

सल्लागार समिती सल्ल्यासाठी असते. ४५ जमाती, १४ विमुक्त जाती, त्यांच्याहून अधिक भटक्या जमाती, २१ प्रकारचे दिव्यांगत्व, शिवाय प्रदेश, धर्म, लिंग, वय. प्रत्येकाला खुर्ची द्यायची म्हटले तर समितीचा मेळावा होईल, आणि मेळाव्यात निर्णय होत नसतात, सत्कार होतात. पाणलोटाच्या समितीत मला भूजल कळणारा माणूस हवा; तो कोणत्या समाजाचा आहे, हे नंतर. शिवाय एखाद्या समाजात जन्मलेला माणूस त्या समाजाचे मत मांडतोच असे कोठे आहे? कोराकागद यांनी स्वतःच लिहिले आहे की समाजाला जाब देण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती. म्हणजे माणूस आला, मत आलेच नाही.

पानसुपारी:

मोजपट्टी यांनी जो भेद केला आहे, तो याच मुंबई इलाख्यात शंभर वर्षांपूर्वी फार नेमकेपणाने मांडला गेला होता, आणि निष्कर्ष उलट निघाला होता. १९१९ साली मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मतांचे प्रतिनिधित्व आणि व्यक्तींचे प्रतिनिधित्व असे दोन भाग केले आणि नुसते पहिले पुरेसे नाही, असे सांगितले. अस्पृश्यांच्या हिताचे मत दुसरा कोणी कळकळीने मांडीलही, पण राज्यकारभारात स्वतः बसण्याचा अनुभव आणि हक्क त्यामुळे त्यांना मिळत नाही, असा तो रोख होता. त्याच्याही आधी, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांचे शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत असे म्हटले होते, कारण अशा शिक्षकाला मुलांच्या घरची गरज कळते. गरज कळणे हीसुद्धा तज्ज्ञताच आहे. भूजल कळणारा माणूस अवश्य हवा. परंतु विहिरीवर आधी कोण पाणी भरते आणि शेवटी कोण, हे भूजलाच्या नकाशात दिसत नाही.

आता कोराकागद यांच्या बाजूलाही एक अडचण दाखवतो. १९२८ साली मुंबई सरकारने दलित वर्ग व आदिवासी जमातींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. तिच्यात डॉ. आंबेडकर होते, डॉ. सोळंकी होते, ठक्करबाप्पाही होते. १९३० साली तिचा अहवाल आला. मुंबई विधिमंडळातही बाबासाहेब प्रथम गेले ते सरकारनियुक्त सदस्य म्हणूनच. म्हणजे नेमलेला माणूस मिंधा असतोच, असा नियम नाही. अर्थात, नेमणुकीने आत गेलेल्या याच माणसाने १९२८ साली सायमन आयोगापुढे नेमणूक नको, निवडणूक हवी, अशी मागणी केली, हेही विसरता येत नाही. आतला अनुभव घेऊनच ते बोलत होते.

पांढरीकाठी:

दिव्यांगांच्या बाबतीत कायदा बराच पुढे गेलेला आहे, आणि त्यातून इतरांना घेण्यासारखे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ६६ प्रमाणे प्रत्येक राज्यात राज्य सल्लागार मंडळ असते. त्यात संस्था-संघटनांच्या दहा प्रतिनिधींची तरतूद आहे, ते शक्यतो स्वतः दिव्यांग असावेत, त्यांत किमान पाच महिला आणि अनुसूचित जाती व अनुसूचित जमातींतील किमान एकेक व्यक्ती असावी, असे स्पष्ट लिहिले आहे. तज्ज्ञांसाठी पाच जागा वेगळ्या आहेत, त्यामुळे मोजपट्टी यांची चिंताही मिटते. जिल्ह्यांसाठी पाच जागा आळीपाळीने आहेत. मंडळाची बैठक सहा महिन्यांतून निदान एकदा व्हायलाच हवी. एकाच मंडळात तज्ज्ञ, स्त्रिया, जाती-जमाती आणि प्रदेश हे सगळे बसवता येते आणि तरी मेळावा होत नाही, याचे हे उदाहरण आहे.

पण खुर्ची मिळाली म्हणजे भाग घेता आला, असे नाही. मला पूर्ण अंधत्व आहे. एका समितीची विषयपत्रिका मला एकदा चक्क चार दिवस आधी ईमेलने आली, तेव्हा आनंदच झाला. फाईल उघडली तर छापील कागदाचा स्कॅन. माझ्या संगणकातील वाचक प्रणालीला तो मजकूर नव्हे, चित्र दिसते, ती "पान एक, चित्र, पान दोन, चित्र" असे बत्तीस वेळा बोलली आणि थांबली. मी दूरध्वनी करून टंकलिखित फाईल मागितली, तर सांगण्यात आले की स्वाक्षरीशिवायची प्रत बाहेर देता येत नाही. शेवटी भाच्याने रात्री बसून निम्मी पाने वाचून दाखवली. कर्णबधिर सदस्याला सांकेतिक भाषेचा दुभाषी मिळाला नाही तर त्याची अवस्था याहून वाईट होते, कारण त्याला भाचाही उपयोगी पडत नाही. समितीची रचना ठरवणाऱ्या शासन निर्णयातच कागदपत्रे कोणत्या स्वरूपात आणि किती दिवस आधी द्यायची, हे लिहिले पाहिजे.

पालावरून:

वरच्या चर्चेत निवडणुकीवर विश्वास दिसतो. आमच्या लोकांकडे तोही मार्ग नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्यावर शिक्का बसला आणि १९५२ साली तो कागदावरून निघाला, त्या विमुक्तांना आणि भटक्यांना विधानसभेत स्वतंत्र राखीव जागा नाहीत. स्थानिक स्वराज्य संस्थांतही आम्ही नागरिकांचा मागास प्रवर्ग या मोठ्या छत्राखाली मोजले जातो, आणि त्या छत्राखाली पुढे कोण उभा राहतो, हे सांगायला नको. शिक्षण व नोकऱ्यांत शासनाने अ, ब, क, ड असे चार गट केले. समित्यांच्या परिशिष्टात मात्र बहुधा एकच ओळ असते, "विमुक्त जाती-भटक्या जमाती प्रतिनिधी, एक". त्या एका जागेवर शिकलेल्या, स्थिरावलेल्या समाजाचा माणूस येतो. तो वाईट नसतो. पण डोंबारी किंवा मसणजोगी कुटुंबाला रहिवासाचा पुरावा नसताना शिधापत्रिका कशी मिळवायची, हे त्याने भोगलेले नसते.

आणखी एक साधी गोष्ट. बैठक सकाळी अकराला, मुंबईत. आमचा माणूस आदल्या रात्री एसटीने निघतो, त्या दोन दिवसांची मजुरी बुडते आणि प्रवास भत्त्याचे देयक मंजूर व्हायला आठ-दहा महिने जातात. एकाने मला सांगितले, "दादा, समितीवर राहायला परवडत नाही." प्रतिनिधित्वावर अनेक व्याख्याने ऐकली, त्यांपेक्षा मला हे वाक्य जास्त आठवते.

कोराकागद:

पालावरून यांचे म्हणणे रास्त आहे, म्हणून "निवड" म्हणजे मला काय अभिप्रेत होते, ते स्पष्ट करतो. मला विधानसभेसारखी निवडणूक अपेक्षित नाही. पथविक्रेता अधिनियम, २०१४ मध्ये नगर पथविक्रेता समितीची जी रचना आहे, ती पाहावी. समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेते असतात, आणि ते पथविक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले असतात. त्यांतील एक तृतीयांश जागा महिलांच्या. हातगाडीवाल्याला स्वतःच्या समितीत मत देता येते, ही कल्पना मला फार मोठी वाटते. भटक्या समाजांच्या नोंदणीकृत पंचायती व संघटना, कातकरी वाड्यांच्या ग्रामसभा, यांनी ठराव करून दोन-तीन नावे पाठवावीत आणि शासनाने त्यांतूनच नेमावे, एवढे झाले तरी चिठ्ठीचा मार्ग बंद होईल.

जुनीटिपणी:

कागदावर सुंदर. प्रत्यक्षात पथविक्रेत्यांच्या निवडणुका मतदार यादीवर अडकल्या. विक्रेता कोण, हे ठरवणारे सर्वेक्षणच अपुरे असल्याने यादीबाहेर राहिलेल्यांनी हरकती घेतल्या आणि मुंबईत तर प्रकरण न्यायालयात गेले. संघटनेच्या ठरावाचेही तेच होईल: एका समाजाच्या चार संघटना चार नावे देतील आणि प्रत्येक जण दुसरीला बोगस म्हणेल. ग्रामसभेचा ठराव मला त्यातल्या त्यात भरवशाचा वाटतो, कारण तेथे उपस्थितांच्या सह्या असतात.

जिल्हा नियोजन समितीचेही पाहा. घटनेच्या अनुच्छेद २४३ यघ प्रमाणे तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यायला हवेत. याहून भक्कम तरतूद कोणती? पण २०२२ साली बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, प्रशासक आले, आणि जे निवडून आलेलेच नाहीत त्यांच्यातून निवडायचे कोणाला? मागे राहिले ते पदसिद्ध आणि नामनिर्देशित.

दुष्काळी:

प्रदेशाचा मुद्दा राहिला, थोडक्यात लिहितो. अनुच्छेद ३७१(२) खालील विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र ही विकास मंडळे १९९४ साली स्थापन झाली आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. जे मंडळच अस्तित्वात नाही, त्यावर कोणत्या समाजाला किती जागा, हा वाद कोठे घालायचा?

मोजपट्टी:

पांढरीकाठी यांच्या प्रतिसादानंतर माझा अर्धा आक्षेप मागे घेतो. तज्ज्ञांच्या जागा वेगळ्या ठेवल्या तर गुणवत्तेचा प्रश्न राहत नाही. उरलेला अर्धा असा: समाजाचा माणूस आत काय बोलला, हे त्या समाजाला कळणार कसे? ते कळत नसेल तर निवडलेला आणि नेमलेला, दोघेही सारखेच.

जुनीटिपणी:

त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४(१)(ख)(आठ) पाहावे. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने सल्ल्यासाठी नेमलेल्या मंडळांची, परिषदांची व समित्यांची यादी, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्ते लोकांना पाहता येतात का, हे कोणी न मागता आपणहून प्रसिद्ध करायचे आहे. बहुतेक कार्यालयांच्या संकेतस्थळांवर या रकान्यापुढे "निरंक" (काही नाही) लिहिलेले मी स्वतः पाहिले आहे, आणि नोकरीत असताना एकदा ते माझ्याच हाताने लिहिलेही आहे.

अर्ज करायचा असेल तर मोघम करू नये. समितीच्या शासन निर्णयाचा क्रमांक द्यावा आणि मागील तीन वर्षांतील बैठकांच्या तारखा, प्रत्येक बैठकीची उपस्थिती पत्रके, मंजूर इतिवृत्ते, अनुपालन अहवाल, आणि अशासकीय सदस्यांच्या नावांच्या शिफारशींची नस्तीतील पृष्ठे मागावीत. शेवटची बाब मुद्दाम मागावी. चिठ्ठी मिळणार नाही, पण टिपणीत तिचा उल्लेख कोणीतरी केलेला असू शकतो.

कोराकागद:

आज दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिला; मी ज्या समितीवर होतो तिच्याचविषयी. आवक लिपिकाने विषय वाचून विचारले, "आपण स्वतःच सदस्य होतात ना, मग आपल्याकडे ही कागदपत्रे नाहीत का?" माझ्याकडे चार विषयपत्रिका आहेत आणि एक इतिवृत्त. बाकी तीन इतिवृत्ते मला कधी मिळालीच नाहीत, हे मी त्यांना सांगितले, त्यांनी पोचपावतीवर शिक्का मारला. तीस दिवसांत जे येईल, किंवा येणार नाही, ते येथे लिहीन. पालावरून दादा, प्रवास भत्त्याची थकीत देयकेही त्याच अर्जात सहाव्या मुद्द्यात मागितली आहेत.